रोपे घरी नेल्यावर पाणी कसे द्यायचे?

आमच्या रोपवाटिकेतून नेलेली रोपे शेतात लागेपर्यंत आठ-पंधरा दिवस तुमच्या अंगणात असतात. पाऊस लांबला तर महिनाभरही. जी रोपे दगावतात, ती बहुतेक याच काळात. त्यांत पाण्यावाचून वाळलेली थोडी आणि जास्त पाण्याने सडलेलीच अधिक, म्हणून हे माहितीपत्रक.

नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, हवा कोरडी असते, पारा 45 अंशांपर्यंत चढतो. तेव्हा पन्नीतल्या (प्लास्टिकच्या पिशवीतल्या) रोपाला सकाळी आणि ऊन उतरल्यावर असे दोनदा पाणी दिले तरी चालते. खरा घोळ होतो तो पाऊस सुरू झाल्यावर. चार दिवस झड, मग उघाड, वर कडक ऊन आणि अंगाला चिकटणारा उकाडा. आपल्याला घाम फुटतो, म्हणून रोपही तहानले असेल असे वाटते. पण हवेतच ओल भरलेली असली की पानांतून पाणी कमी उडते आणि मातीही लवकर सुकत नाही. अशा दिवसांत उन्हाळ्याच्या सवयीने झारी फिरवत राहिलात तर पन्नीच्या तळाशी पाणी साचते आणि मुळांचा श्वास कोंडतो. मुळे सडलेले रोपही मान टाकते, अगदी तहानलेल्यासारखे, आणि घरचे कोणीतरी त्याला आणखी पाणी घालते!

म्हणून पाणी देण्याआधी पन्नी उचलून पाहा. पाणी दिल्यावर ती किती जड लागते हे एकदा हाताला कळले की पुढे वेळापत्रक लागत नाही. हलकी लागली तर द्या, जड असेल तर राहू द्या. वरची माती पांढरट दिसली एवढ्यावर जाऊ नका. बोट पेरभर आत घाला, ओल लागली तर थांबा. दुपारी पाने मलूल होणे चालायचेच, संध्याकाळी ती उभी राहिली तर रोपाला काही झालेले नाही. मिरची-वांग्याच्या ट्रेमध्ये मात्र कप्पे लहान असतात, त्यामुळे उघाडीत ते रोज पाहावे लागतात.

द्यायचे तेव्हा पोटभर द्या, खालच्या छिद्रांतून पाणी निथळेपर्यंत. पावसाळ्यात वेळ सकाळची. रात्रभर ओली राहिलेली पाने बुरशीला आयतीच सापडतात. भर उन्हात पडलेल्या काळ्या पाइपातले पहिले पाणी चटका बसेल इतके तापलेले असते, ते आधी बाजूला सोडून द्या.

रोप मोठ्या कुंडीत हलवणार असाल तर नुसती काळी माती भरू नका. ओली असताना ती चिकट गोळा होते आणि सुकली की आकसून कडेपासून सुटते. मग वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते. तळाशी डबके दिसते, आतला गोळा मात्र ठणठणीत कोरडा. असे झाले तर कुंडी बादलीतल्या पाण्यात बुडवा, बुडबुडे थांबले की काढून निथळू द्या. पुढच्या वेळी मातीत रेती आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळा.

अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या ग्राहकांनी बोअरचे खारे पाणी रोपांना शक्यतो टाळावे. पन्नीच्या कडेला पांढरी खर दिसू लागली की क्षार साचले असे समजा. टिनावरून पडणारे पावसाचे पाणी ड्रममध्ये धरून ठेवा, रोपांना त्याच्याइतके चांगले पाणी नाही. आरओ मशीनमधून वाया जाणारे पाणी तर अजिबात नको, त्यात क्षार आणखी जास्त असतात.

भाजीपाल्याच्या रोपाचे खोड मातीलगत बारीक, तपकिरी होऊन रोप आडवे पडले तर ती मर, म्हणजे बुरशीचा रोग. पडलेले रोप उठत नाही. ते मातीसकट काढा, पाणी थांबवा, बाकीच्या रोपांना हवा लागेल असे अंतर ठेवा आणि औषधासाठी आमच्याकडे या.

तक्रार असेल तर रोप उपटून आणू नका, पन्नीसकट आणा. मुळे पाहिल्याशिवाय आम्हाला काही सांगता येत नाही.