अंगठ्याखालचे दोन तीळ

गणपतीच्या आदल्या दिवशी ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून फुलं, दुर्वा, केवडा असं सगळं घेऊन येत होते. दोन्ही हातांत पिशव्या, पायात साधी चप्पल. वर आलेला एक पेव्हर ब्लॉक दिसला नाही आणि उजव्या पायाचा अंगठा त्यावर असा आपटला की तिथेच खाली बसले. ठेच ती, तिचं काय एवढं, म्हणून घरी येऊन बर्फ लावला आणि मोदकांच्या मागे लागले. तिसऱ्या दिवशी अंगठा वांग्याच्या रंगाचा झाला तेव्हा एक्स-रे काढला.

नखाखालच्या हाडाला बारीक तडा होता. तो मला दाखवूनही धड दिसेना. दिसले ते अंगठ्याच्या मुळाशी, चवड्यात, वाटाण्याएवढे दोन गोल ठिपके. हाडातून निखळून पडल्यासारखे. "डॉक्टर, हे दोन तुकडे कसले?" डॉक्टर हसले. म्हणाले, "ते सगळ्यांनाच असतात. तीळ आहेत ते."

त्यांचं शास्त्रीय नाव सेसमॉइड, म्हणजे खरोखरच 'तिळासारखं'. पायात हाडं किती, असं विचारलं की पुस्तकं २६ सांगतात. दोन्ही पायांची मिळून ५२, म्हणजे अंगातल्या २०६ हाडांपैकी चौथा हिस्सा घोट्याखालीच. पण या २६ मध्ये हे तीळ धरलेले नसतात. अंगठा वाकवणाऱ्या स्नायूच्या दोरीत ते बसलेले असतात, गुडघ्याची वाटी जशी मांडीच्या स्नायूच्या दोरीत बसते तशीच. एवढ्याशा जागी त्यांना दोन कामं. चवड्यावर भार आला की तो झेलायचा, आणि दोरीला हाडापासून थोडं दूर धरून तिची ओढ वाढवायची. दोघांच्या मधल्या घळीतून आणखी एक लांब दोरी जाते, ती थेट पोटरीतून आलेली असते. काहींचा एखादा तीळ मुळातच दोन तुकड्यांत असतो आणि तो एक्स-रेत पाहून मोडलाय की काय अशी शंका डॉक्टरांनाही येते. म्हणजे मी घाबरले त्यात फार काही वावगं नव्हतं.

हाताच्या अंगठ्याला आणि पायाच्या अंगठ्याला मराठीत एकच शब्द आहे, हे मला त्या दिवसांत पहिल्यांदा जाणवलं. शाळेत बाई "अंगठे धर!" म्हणाल्या की कुठले अंगठे हा प्रश्न कुणाला पडत नसे, पाठ आपोआप वाकायची. इंग्रजीत दोघांची नावं वेगळी आहेत. आपल्या भाषेनं मात्र नातं बरोबर ओळखलंय. बाकीच्या बोटांत तीन-तीन हाडं असतात, या दोघांत दोन-दोन. हाताच्या अंगठ्याला तळहाताकडे ओढणारा जो स्नायू आहे, तोच दोन तोंडांचा स्नायू पायाच्या अंगठ्यालाही आहे. इंग्लंडमध्ये जॉन कॉबेट या शल्यविशारदांनी १९६८ साली हाताचा अंगठा गमावलेल्या माणसाला त्याच्याच पायाचा अंगठा काढून बसवला. भावाच्या जागी भाऊ उभा राहिला.

चिंपांझीच्या पायाकडे पाहिलं तर ही भावंडं जवळपास जुळीच वाटतात. त्याच्या पायाचा अंगठा बाजूला फाकलेला असतो आणि फांदी पकडतो. इथिओपियात सापडलेल्या, ४४ लाख वर्षांपूर्वीच्या आर्डिपिथेकस या मानवपूर्व प्राण्याचा अंगठाही असाच फाकलेला होता, आणि तरी तो प्राणी जमिनीवर दोन पायांनी चालत असावा. पुढे टांझानियात लेटोली इथे, ज्वालामुखीच्या ओल्या राखेत उमटलेले साधारण ३६ लाख वर्षांपूर्वीचे पावलांचे ठसे संशोधक मेरी लीकी यांच्या चमूला १९७८ मध्ये मिळाले. त्यात अंगठा बऱ्यापैकी बाकीच्या बोटांच्या ओळीत आलेला दिसतो. आज आपल्या चवड्यात पाचही बोटांच्या मुळांना एकत्र बांधणारा एक आडवा पट्टा असतो. वानरांत तो चारच बोटांना बांधतो, अंगठा मोकळा. आपला अंगठा बांधला गेला आणि त्याची पकड गेली.

पूर्णपणे गेली असं म्हणवत नाही. माझ्या ठेचेच्या दहाच दिवस आधी टेंभी नाक्याच्या दहीहंडीच्या गर्दीत उभी होते. समोरच्या थरावर एक बारकं पोर चढत होतं. त्याची अनवाणी पावलं खालच्याच्या खांद्यावर कशी बसतात तेच मी बघत राहिले. बोटं गळपट्टीच्या हाडाला विळख्यासारखी वळली होती, मधलं पाऊल कमानीसारखं उचललेलं, आणि अंगठा खांद्याच्या उतारावर दाबून पांढरा पडलेला. तो बाकीच्या बोटांसमोर येऊन चिमटा करू शकत नाही, म्हणून सगळी भिस्त दाबावर. रबरी चप्पल बेचक्यात धरून आपण बस पकडायला धावतो, तेव्हाही तीच जुनी सवय थोडी कामाला येते.

पकड देऊन आपण काय मिळवलं ते मला तडा गेल्यावर कळलं. डॉक्टरांनी कडक तळाची सॅंडल दिली आणि बजावलं, "अंगठा दुमडू द्यायचा नाही." बस, एवढंच. ठाणे स्टेशनच्या पुलावर पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. पाऊल सपाट टाकायचं, सपाट उचलायचं. पायऱ्या चढताना मागचा पाय ढकलतच नव्हता, नुसता ओढला जात होता. चाल निम्मी झाली, पाऊल बाहेर वळलं, आणि आठवड्याभरात दुखायला लागली ती कंबर.

याचं कारण तळव्यातल्या एका रहाटात आहे. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत एक जाड, न ताणणारा पट्टा जातो. सकाळी उठल्यावर टाच दुखते म्हणून ज्याच्या नावानं लोक बोटं मोडतात तो प्लांटार फॅशिया. अंगठ्यापाशी हा पट्टा त्या दोन तिळांना धरून, चवड्याच्या गोल हाडाखालून पुढे जातो. टाच उचलली की अंगठा जमिनीवर राहतो आणि चवड्याशी दुमडतो. विहिरीवर रहाट फिरवला की दोर गुंडाळला जातो, तसा हा पट्टा गोल हाडाभोवती गुंडाळला जातो. तो ताणणारा नसल्यामुळे टाच आणि चवडा एकमेकांकडे ओढले जातात, मधली कमान वर उचलली जाते आणि ढिलं पाऊल क्षणात ताठ होतं. अंगठा हा या रहाटाचा दांडा. ब्रिटनमधल्या जे. एच. हिक्स यांनी १९५४ साली हे पहिल्यांदा नीट मांडलं.

करून बघायला काही लागत नाही. अनवाणी उभं राहा आणि घरातल्या कुणाला तरी तुमचा अंगठा हातानं वर उचलायला सांगा. तुम्ही काहीही न करता पावलाची आतली कमान वर येते. आमच्या सासूबाईंनी माझ्या डाव्या पायावर हे केलं आणि म्हणाल्या, "अगं, हे तर कळसूत्री आहे!"

या सांध्यावर एवढी भिस्त असल्यामुळे दुखणीही इथेच येतात. अंगठा तिरका होऊन मुळाशी गाठ येते, तिला डॉक्टर बनियन म्हणतात (आमच्या शेजारच्या काकांनी ऐकून आधी स्वतःच्या बनियनकडे पाहिलं होतं). ती गाठ म्हणजे नवीन वाढलेलं हाड नव्हे, चवड्याचं जुनंच हाड बाहेर कललेलं असतं, आणि एक्स-रेत तीळ आपल्या जागेवरून सरकलेले दिसतात. निमुळते बूट त्रास वाढवतात, पण घराण्याचाही हात असतो. गाऊट या सांधेदुखीचा पहिला झटका बहुधा याच सांध्यात येतो. रक्तातलं युरेटचं मीठ ३७ अंशांना जेवढं विरघळतं तेवढं थंडाव्यात विरघळत नाही, आणि पावलं हा अंगाचा थंड भाग. रात्री तिथे त्याचे सुईसारखे स्फटिक होतात आणि अंगावरची चादरसुद्धा सहन होत नाही.

कंबरदुखीसाठी गेलं तरी डॉक्टर अंगठाच वर करायला सांगतात, कारण तो उचलणाऱ्या स्नायूची नस मुख्यतः कमरेच्या पाचव्या मणक्यापाशी निघते. तळव्यावर बोथट टोकानं रेघ ओढली आणि मोठ्या माणसाचा अंगठा वर गेला तर मेंदू किंवा मज्जारज्जूच्या वाटेत काही बिघडलंय. हे पॅरिसच्या जोसेफ बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये सांगितलं. तान्ह्या बाळाचा मात्र तो वर जातोच, घाबरू नये. जोडव्यांमुळे गर्भाशयाची नस दाबली जाते हा व्हॉट्सॲपवरचा संदेश मला दर श्रावणात येतो. अशी कुठलीही नस नाही. जोडवी आवडतात म्हणून घालावीत. पूर्वी बायका अंगठ्यात अनवटही घालत, त्याला कुणी शास्त्र जोडलं नव्हतं.

हाड सहा आठवड्यांत जुळलं. नखाखाली साचलेल्या रक्ताचा काळा डाग मात्र राहिला. पायाचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं, हाताच्या नखाच्या निम्म्यानं. काल होळीसाठी नेलपॉलिश काढलं तेव्हा डाग नखाच्या बरोबर मध्यावर आला होता. या हिशेबानं तो पुढच्या गणपतीच्या आसपास नेलकटरखाली येईल.