पॅरामेडिक (मराठवाड्यातलं ॲम्ब्युलन्सवरचं काम आणि ट्रेनिंग)

पॅरामेडिक म्हणजे ॲम्ब्युलन्समध्ये मागं पेशंटजवळ बसणारा, ट्रेनिंग घेतलेला माणूस. पेशंटला उचलल्यापासून हॉस्पिटलच्या ताब्यात देईपर्यंत त्याचा श्वास, नाडी, रक्तस्राव सांभाळायचं काम त्याचं. भारतात बऱ्याच राज्यांत याला ईएमटी म्हणतात, म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, आणि त्यात बेसिक आणि ॲडव्हान्स्ड अशा दोन पायऱ्या असतात. मराठवाड्यात या कामाला जास्त वजन आहे आणि त्याचं कारण सरळ आहे, अंतर. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव हे आठ जिल्हे, आणि मोठं ऑपरेशन, व्हेंटिलेटर, हृदयाची कॅथलॅब (जिथं हृदयाच्या बंद रक्तवाहिन्या उघडतात) या गोष्टी मोजक्या शहरांत. किनवटचा पेशंट नांदेडला न्यायचा तर शंभर किलोमीटरच्या पुढं रस्ता आहे, अंबाजोगाईहून संभाजीनगरच्या घाटीत, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात, न्यायचा तर दोनशेच्या वर. एवढा वेळ पेशंट गाडीतच असतो, म्हणजे त्याची पहिली ट्रीटमेंट खऱ्या अर्थानं गाडीतच होते, आणि ती कशी होते हे मागं कोण बसलंय आणि त्याला काय येतं यावर ठरतं.

कुठून आलं हे काम

जगात आज जसं हे काम चालतं तसं ते १९६० च्या दशकात सुरू झालं. १९६६ मध्ये बेलफास्टला फ्रँक पँट्रिज या डॉक्टरनं हार्ट अटॅकच्या पेशंटसाठी डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, गाडीत घालून घरापर्यंत नेला, आणि १९६७ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गला फ्रीडम हाऊस नावाची सेवा सुरू झाली, ज्यात गरीब वस्तीतल्या काळ्या तरुणांना महिनोन्‌महिने शिकवून गाडीवर पाठवलं. डॉक्टर नसलेला माणूससुद्धा नीट शिकवला तर रस्त्यावर जीव वाचवू शकतो हे या लोकांनी दाखवून दिलं.

आपल्याकडं ॲम्ब्युलन्स बोलवायचा १०८ नंबर आला तो आंध्र प्रदेशात, १५ ऑगस्ट २००५ ला, हैदराबादहून. महाराष्ट्रात ही सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली, सुरुवातीला ९३७ गाड्या, त्यातल्या २३३ ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्ट म्हणजे एएलएस (जास्त गंभीर पेशंटसाठीच्या) आणि ७०४ बेसिक म्हणजे बीएलएस. कॉल सेंटर पुण्यात औंधला. त्याच्या आधी खेड्यात ॲम्ब्युलन्स म्हणजे जीप, टेम्पो, ट्रॅक्टर नाहीतर बैलगाडी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लातूर-धाराशिवच्या गावांत माती-दगडांखाली सापडलेल्या माणसांना जे हाती लागेल त्या वाहनानं न्यावं लागलं, कोणाला आधी न्यायचं हे ठरवणारा शिकलेला माणूस बहुतेक ठिकाणी नव्हता. आज पॅरामेडिकला ट्रायाज शिकवतात, म्हणजे लाल, पिवळी, हिरवी, काळी पट्टी लावून पेशंटचा क्रम ठरवायचा. किल्लारीची आठवण असलेल्या भागात हा धडा प्रत्येक शाळा-कॉलेजात शिकवायला हवा असं मला मनापासून वाटतं.

महाराष्ट्राचा वेगळेपणा

शेजारी तेलंगणात, म्हणजे देगलूर, बिलोली, किनवट ओलांडलं की पलीकडं, १०८ च्या गाडीत ईएमटी बसतो. महाराष्ट्रात मात्र डॉक्टर बसतो, बहुतेक वेळा बीएएमएस नाहीतर बीएचएमएस झालेला, आणि ड्रायव्हरला पायलट म्हणतात. गाडीवर दोघंच. म्हणजे स्ट्रेचर उचलायला एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला पायलट, आणि उरलेले हात नातेवाइकांचे. चांगला पायलट म्हणजे अर्धा पॅरामेडिकच असतो, सीपीआर (बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबणं आणि श्वास देणं) करताना दमलेल्या डॉक्टरला बदली देतो, ऑक्सिजनचा सिलेंडर बदलतो, गर्दी मागं हटवतो.

डॉक्टर गाडीत असणं चांगलंच, पण डिग्री मिळाली म्हणून रस्त्यावरचं काम येतं असं नाही. वॉर्डात उजेड असतो, सिस्टर असते, सीनियरला फोन लागतो. इथं रात्री दोनला उलटलेल्या टेम्पोखाली वाकून, मोबाईलच्या टॉर्चवर, आजूबाजूला शंभर माणसं ओरडत असताना मान न हलवता पेशंट बाहेर काढायचा असतो. हे वेगळं शास्त्र आहे आणि डॉक्टर असो की ईएमटी, ते वेगळं शिकावंच लागतं.

मग मराठवाड्यात निव्वळ पॅरामेडिक म्हणून काम कुठं मिळतं? खाजगी हॉस्पिटलच्या कार्डियाक ॲम्ब्युलन्सवर, वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत, हायवेवर टोलनाक्याला उभ्या असलेल्या गाड्यांवर (राष्ट्रीय महामार्गाचा मदतीचा नंबर १०३३), आणि हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत. १०२ च्या गाड्या वेगळ्या, त्या मुख्यतः गरोदर बाया आणि तान्ह्या लेकरांसाठी.

ट्रेनिंग

बारावीनंतर ईएमटीचे कोर्स आहेत, काही महिन्यांचे कौशल्य विकासवाले आणि डिप्लोमा-डिग्रीचेही. २०२१ मध्ये केंद्रानं अलाइड आणि हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा केला, त्यात इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट म्हणजे पॅरामेडिक हा व्यवसाय नावानिशी आला. हे मोठं पाऊल आहे, कारण तोवर कोणीही चार दिवसांचं प्रमाणपत्र दाखवून गाडीत बसू शकत होतं. ॲडमिशन घेणाऱ्या पोरांनी एवढं बघावंच की कॉलेजला मान्यता आहे का आणि प्रत्यक्ष गाडीवर आणि कॅज्युअल्टीत किती तास काढायला मिळतात, नुसत्या वर्गात बसून हे येत नाही.

शिकायची सुरुवात श्वासनलिकेपासून होते. बेशुद्ध माणसाची जीभ मागं पडून श्वास अडतो, म्हणून डोकं मागं करून हनुवटी उचलायची, मानेला मार असेल तर डोकं न हलवता नुसता जबडा पुढं ओढायचा. मग सीपीआर, मोठ्या माणसाला छातीच्या मधोमध ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ३० दाब आणि २ श्वास. ऐकायला सोपं आहे, पण दोन मिनिटांत हात भरून येतात आणि दाब उथळ व्हायला लागतो, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. पुढं अंबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी), सक्शन (तोंडातला स्राव ओढून काढणं), मानेचा कॉलर, स्पाइन बोर्ड (पाठ न हलवता पेशंट न्यायची फळी), मोडलेल्या हाडाला स्प्लिंट, ईसीजीच्या पट्ट्या लावणं, डिलिव्हरी, शुद्धीचा जीसीएस स्कोअर ३ ते १५ मध्ये मोजणं.

आणि काही गोष्टी फक्त चालत्या गाडीत कळतात. खड्ड्याच्या रस्त्यावर स्टेथोस्कोपमधून बीपीचा आवाज ऐकू येत नाही, मग मनगटाची नाडी बोटाखाली धरून कफ, म्हणजे दंडाचा बीपीचा पट्टा, फुगवायचा आणि हवा सोडताना नाडी परत लागली तो वरचा आकडा घ्यायचा, खालचा मिळत नाही, चालतं. सलाईनची सुई शक्यतो गाडी निघायच्या आधी लावायची. ऑक्सिजनचं गणित तर तोंडपाठ पाहिजे, बी टाइपच्या भरलेल्या सिलेंडरमध्ये साधारण १,५०० लिटर असतात, मिनिटाला १० लिटर सोडले तर १५० मिनिटं, म्हणजे अडीच तास. अंबाजोगाईहून संभाजीनगरला एवढ्यात पोचत नाही. निघताना हे न मोजणाऱ्या माणसाच्या हवाली पेशंट करू नये, इतकं ते महत्त्वाचं आहे.

इथल्या केसेस

पुस्तकं बहुतेक शहरातल्या हार्ट अटॅक आणि ॲक्सिडेंटवर लिहिलेली असतात. मराठवाड्यात गाडीवर काम करणाऱ्याला त्याशिवाय साप, फवारणीचं औषध, वीज, उन्हाचा तडाखा आणि बाळंतपण हे सगळं रोजचं म्हणून यायला लागतं.

सापाचं बघा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार मुख्य. पावसाळ्यात आणि ऊसतोडीच्या हंगामात जमिनीवर झोपणारे लोक, पालात, कोपीत, शेतातल्या आखाड्यावर, यांना रात्री मण्यार चावते आणि बऱ्याचदा दुखतही नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, आणि घरचे म्हणतात काहीतरी खाल्ल्यानं झालं असेल. पान लागलं, म्हणजे साप चावला, असं लक्षात आलं तरी आधी मारुतीच्या पारावर नेतात, मांत्रिक बघतो, तास-दीड तास तिथंच जातो. पॅरामेडिकनं इथं कोणाशी भांडत बसायचं नाही, मंत्र म्हणणाऱ्यालाही गाडीत बसवा म्हणायचं पण गाडी हलवायची. घट्ट आवळलेली दोरी असेल तर ती एकदम कापायची नाही, डॉक्टरची तयारी असताना सोडायची, चिरा मारायच्या नाहीत, तोंडानं चोखायचं नाही, हात-पाय मोडल्यासारखा स्प्लिंट लावून हलू द्यायचा नाही. मण्यारीच्या किंवा नागाच्या विषानं श्वासाचे स्नायू थांबले तर अंबू बॅगनं दर ५-६ सेकंदाला एक श्वास द्यायचा आणि हॉस्पिटल येईपर्यंत थांबायचं नाही. असा पेशंट अगदी मेल्यासारखा दिसतो, डोळे उघडत नाही, हात हलत नाही, पण आत शुद्ध असू शकते आणि श्वास देत राहिलं तर तो पुढं चालत घरी जाऊ शकतो. म्हणून त्याच्यासमोर "गेला, संपलं" असं कोणी बोलू नये.

विंचवाचंही तसंच, लाल विंचवाच्या दंशानं घाम फुटतो, हातपाय गार पडतात, फुप्फुसात पाणी होतं. यावर प्राझोसिन हे औषध वापरायची पद्धत रुजवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, काम केलं कोकणात महाडला, आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

फवारणीचं औषध पोटात गेलेल्या पेशंटजवळ गेलं की वासच येतो. ऑर्गेनोफॉस्फेट असेल तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, छातीत घरघर, लघवी-संडास कपड्यात. घरच्यांनी मिठाचं पाणी पाजलेलं असतं, ते करू नये, उलटी श्वासनलिकेत जाते. हातमोजे घालून अंगावरचे कपडे काढायचे, अंग धुवायचं, कुशीवर वळवायचं, तोंड सतत सक्शन करायचं आणि औषधाची बाटली नाहीतर डबा सोबत घ्यायचा, कारण ऑर्गेनोफॉस्फेटवर देतात ते ॲट्रोपिन सगळ्या विषांवर चालत नाही. पॅराक्वॅट हे तणनाशक असेल तर उगाच जास्त ऑक्सिजन दिल्यानं फुप्फुसाचं आणखी नुकसान होतं, आणि ते बाटली बघितल्याशिवाय कळणार कसं. यातले कितीतरी पेशंट कर्जानं, नापिकीनं खचलेले शेतकरी आणि त्यांच्या घरच्या बाया असतात. त्यांना रस्त्यात "असं का केलं" विचारू नये. नाव विचारावं, हात धरावा, आपण पोचतोय म्हणून सांगत राहावं. हा ट्रेनिंगचा भाग आहे आणि तो औषधाइतकाच गंभीरपणे शिकवला गेला पाहिजे.

बाळंतपण गाडीत होतंच, विशेषतः तांड्यावरून किंवा ऊसाच्या फडातून निघालेल्या बायांचं, कारण फोन उशिरा होतो. डोकं दिसायला लागलं की पायलटला गाडी बाजूला घ्यायला सांगायची, पळत्या गाडीत डिलिव्हरी करू नये. बाळ पुसून कोरडं करून आईच्या छातीवर, दोघांवर एकच पांघरूण, आणि मग लक्ष बाईच्या रक्तस्रावावर. गावातली आशाताई सोबत असली तर निम्मं ओझं कमी होतं, तिला त्या बाईचं बीपी, रक्त, आधीची बाळंतपणं सगळं माहीत असतं.

छातीत दुखणाऱ्या पेशंटला आपल्याकडं "गॅस झालाय" म्हणून सोडा पाजतात. चाळिशी ओलांडलेला माणूस, घाम, डावा हात किंवा जबडा दुखतोय, तर आधी ईसीजी, आणि डॉक्टरनं ॲलर्जी, रक्तस्राव विचारून सांगितलं तर ॲस्पिरिन चावून खायला.

रेफर

प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालय, तिथून उपजिल्हा, तिथून सिव्हिल, तिथून घाटी, नांदेडचं विष्णुपुरी नाहीतर अंबाजोगाईचं स्वाराती ही सरकारी मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं, अशी पेशंटला पुढं पाठवायची म्हणजे रेफरची साखळी असते. आष्टीचा पेशंट अहिल्यानगरला जातो, उमरग्याचा सोलापूरला. यात १०८ चा मोठा वेळ जातो, आणि गाडी रेफरला गेली की तेवढे तास गावात दुसरा ॲक्सिडेंट झाला तर लांबची गाडी येते. शहरात २० आणि खेड्यात ३० मिनिटांत पोचायचं उद्दिष्ट इथं अडतं. पॅरामेडिकनं निघायच्या आधी पुढच्या हॉस्पिटलला फोन करून बेड विचारला आणि पोचल्यावर काय दिलं, किती वाजता दिलं हे लिहून हातात दिलं तर पेशंटचा अर्धा तास तरी वाचतो. तोंडी सांगितलेलं गर्दीत हरवतं.

नोकरी आणि कायदा

काम पाळीचं, नोकरी बहुतेक कंत्राटी. कंबर लवकर जाते, म्हणून गुडघ्यात वाकून उचलायला पहिल्या दिवसापासून शिकवतात. हल्ल्यांपासून संरक्षणाचा २०१० चा राज्याचा कायदा पॅरामेडिकल कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. ॲम्ब्युलन्सला वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात १०,००० रुपये दंड आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टाच्या त्रासापासून संरक्षण दिलंय. मदत करायला लोक अजून घाबरतात, म्हणून हे गावोगाव सांगायची गरज आहे.

१०८ ला फोन करताना

गावाचं नाव एकट्यानं पुरत नाही, पिंपळगाव, वडगाव, टाकळी प्रत्येक तालुक्यात आहेत. जिल्हा, तालुका, गाव, मग जवळचा फाटा, शाळा, मंदिर. पेशंट शुद्धीत आहे का, श्वास चालू आहे का, हे आधी सांगायचं. एक पोरगा मोटारसायकलवर फाट्याला उभा करायचा, रात्री असेल तर बॅटरी घेऊन. आणि ज्या नंबरवरून फोन केला तो चालू आणि मोकळा ठेवायचा, कारण गाडी निघाली की डॉक्टर किंवा पायलट त्याच नंबरवर फोन करून रस्ता विचारतात आणि गाडी येईपर्यंत काय करायचं ते सांगतात.