चिठ्ठीतले शब्द: पट्टा, स्प्लिंट किंवा ब्रेस घेण्याआधी वाचा

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आम्हा पट्टे-स्प्लिंट विकणाऱ्या दुकानदारांसाठी दोन-तीनच शब्द असतात. ‘मीडियल अनलोडर, उजवा’. ‘कॉक-अप, न्यूट्रल’. ‘हिंज नी ब्रेस, ० ते ६०’. गोळी घेताना नाव आणि मिलिग्रॅम जसे तपासता, तसेच हे शब्दही तपासून घ्या. यातला एक जरी बदलला, तरी पट्टा दिसतो तोच आणि काम करतो भलतंच.

हे पत्रक कुणाला शरीरशास्त्र शिकवायला छापलेलं नाही. चिठ्ठी आणि खोक्यावरचं लेबल जुळतं की नाही, एवढं दुकानात उभ्याउभ्या पाहता यावं, हा हेतू. कोणता पट्टा आणि किती दिवस, हे डॉक्टरच ठरवणार.

डावं-उजवं कुणाचं?

रुग्णाचं. आजोबांच्या समोर उभा राहून मुलगा ‘हा डावा’ म्हणतो, तेव्हा पुष्कळदा तो स्वतःच्या डाव्या बाजूला बोट करत असतो. एमआरआयच्या आडव्या कापांत तर रुग्णाकडे तळपायांच्या बाजूने पाहिल्यासारखं चित्र असतं, त्यामुळे त्याची उजवी बाजू तुमच्या डाव्या हाताला येते. फिल्मच्या कडेला ‘आर’ किंवा ‘एल’ अशी खूण असते, तीच खरी धरा. दुखऱ्या पायाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असाल तर मागच्या कॅमेऱ्याने काढा. पुढच्या कॅमेऱ्याचा फोटो काही फोनमध्ये आरशातल्यासारखा उलटा साठवला जातो आणि उजवा पाय डावा होऊन आमच्यापर्यंत पोहोचतो.

‘बायलॅटरल’ लिहिलं असेल तर दोन्ही बाजू. नग दोन लागतील, पैसे तसे बरोबर ठेवा.

आत, बाहेर, जवळ, लांब

सगळ्या दिशा एका ठरलेल्या उभ्या माणसावरून मोजतात: ताठ उभा, नजर समोर, हात अंगालगत आणि तळहात पुढे. रुग्ण कुशीवर झोपलेला असो की खुर्चीत बसलेला, दिशांची नावं या उभ्या माणसाप्रमाणेच लावायची. तळहात पुढे केले की अंगठे बाहेर जातात. म्हणून मनगटाची अंगठ्याकडची बाजू ‘लॅटरल’, म्हणजे शरीराच्या मध्यरेषेपासून लांबची, आणि करंगळीकडची ‘मीडियल’, म्हणजे मध्यरेषेजवळची. मांडीवर हात पालथे ठेवून बसलेल्याला हे नेमकं उलटं वाटतं. म्हणूनच मनगटाच्या बाबतीत बरेच डॉक्टर अंगठ्याच्या बाजूला ‘रेडियल’ आणि करंगळीच्या बाजूला ‘अल्नर’ लिहितात. ही त्या-त्या बाजूच्या हाडांची नावं आहेत, त्यामुळे हात कसाही ठेवलात तरी घोटाळा होत नाही.

पुढची बाजू अँटिरियर, मागची पोस्टिरियर, वरची सुपिरियर, खालची इन्फिरियर. यात अडण्यासारखं काही नाही.

हातापायांसाठी आणखी एक जोडी आहे: धडाच्या जवळचं ते ‘प्रॉक्सिमल’, लांबचं ते ‘डिस्टल’. न्हाणीघरात पाय घसरला, तोल सावरायला हात टेकला आणि मनगटाजवळ हाड मोडलं, तर रिपोर्टवर बहुधा ‘डिस्टल रेडियस फ्रॅक्चर’ येतं. म्हणजे रेडियस हाडाचं मनगटाकडचं टोक. याच दुखापतीच्या एका प्रकाराला ‘कॉलीस फ्रॅक्चर’ म्हणतात. डब्लिनचे सर्जन अब्राहम कॉलीस यांनी १८१४ मध्ये त्याचं वर्णन केलं. एक्स-रेचा शोध १८९५ चा, म्हणजे या गृहस्थांनी ते नुसतं हाताने चाचपून आणि डोळ्यांनी बघून ओळखलं होतं! असो. आपल्यापुरता मुद्दा असा की ‘डिस्टल’ वाचून कोपराचा पट्टा मागू नका.

गुडघ्याचा अनलोडर: इथे जरा थांबा

गुडघ्याची झीज बहुतेकांची आतल्या बाजूला, म्हणजे मीडियल बाजूला जास्त असते. पाय हळूहळू धनुष्यासारखे बाहेर वाकतात. त्याला चिठ्ठीवर ‘व्हॅरस’ म्हणतात. गुडघे एकमेकांना लागतात आणि घोटे लांब राहतात, ते ‘व्हॅल्गस’. मीडियल अनलोडर हा आतल्या बाजूवरचा भार थोडा बाहेरच्या बाजूकडे ढकलतो.

आता खोकं हातात घ्या. काही कंपन्यांच्या खोक्यावर ‘उजवा मीडियल / डावा लॅटरल’ असं एकाच लेबलवर छापलेलं असतं. ती छपाईची चूक नव्हे. तोच ब्रेस उजव्या पायात आतला भार कमी करतो आणि डाव्या पायात घातला तर बाहेरचा. शेजारच्या काकूंना उजव्या गुडघ्यासाठी दिलेला मीडियल अनलोडर तुम्ही डाव्यात चढवलात, तर झिजलेल्या बाजूवरच भार वाढणार. साधी नी-कॅप एकमेकांत फिरवली तर विशेष बिघडत नाही. अनलोडर मात्र कधीच उसना घेऊ नका.

तीन काप

एमआरआयच्या पाकिटात तीन शब्द दिसतील. शरीराचे डावा-उजवा भाग करणारा उभा काप ‘सॅजिटल’. पुढचा-मागचा भाग वेगळा करणारा उभा काप ‘कोरोनल’. आडवा काप ‘अ‍ॅक्सियल’ किंवा ‘ट्रान्सव्हर्स’.

कंबरेच्या रिपोर्टमध्ये मणके एकाखाली एक दिसतात ते सॅजिटल चित्र. कोणती गादी सरकली ते त्यात कळतं. ती डाव्या नसेवर आली की उजव्या, हे अ‍ॅक्सियलमध्ये. ‘पोस्टरोलॅटरल’ हा शब्द तिथे वारंवार येतो: मागे आणि एका बाजूला. मणक्यांच्या मागून जाणारा लिगामेंटचा (हाडं बांधून ठेवणाऱ्या चिवट धाग्यांचा) पट्टा मध्यभागी भक्कम आणि कडांना दुबळा असतो, म्हणून गादी बहुधा कडेने बाहेर येते आणि कळ एकाच पायात उतरते.

हालचाली

वाकवणं ‘फ्लेक्शन’, सरळ करणं ‘एक्स्टेन्शन’. जवळजवळ सगळे पट्टे यातली एखादी हालचाल अडवायला किंवा सांभाळायला असतात. मणका पुढून चेपला गेला असेल (म्हाताऱ्या माणसांत आपटून बसल्यावर हे होतं), तर डॉक्टर ‘एएसएच ब्रेस’ लिहू शकतात. छातीवर एक पॅड, ओटीपोटाच्या खाली एक, पाठीवर एक. या तीन ठिकाणच्या दाबामुळे पुढे वाकता येत नाही. कंबरेचा साधा एलएस बेल्ट एवढं काम करत नाही. ‘तोच द्या, स्वस्त पडतो’ असं म्हणू नका.

गुडघ्याच्या हिंज (बिजागरीच्या) ब्रेसवरचे आकडे अंशांचे. पूर्ण सरळ गुडघा म्हणजे ०. ‘० ते ६०’ म्हणजे सरळ करायला मोकळीक, वाकवणं ६० पर्यंतच. निरोगी गुडघा साधारण १३५ अंश किंवा त्याहूनही जास्त वाकतो. मांडी घालून जमिनीवर बसायला बरंच वाकावं लागतं, तेव्हा ब्रेस असताना तो विषय काढू नका. बिजागरीच्या डायलवर हा आकडा ठरवणारी पिन दोन्ही बाजूंना असते आणि दोन्हीकडे आकडा सारखाच हवा. घरी पिन सरकवायची नाही.

मनगटाच्या कॉक-अप स्प्लिंटमध्ये तळहाताकडून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असते. पुष्कळ तयार स्प्लिंटमध्ये ती आधीच वाकवलेली येते, मनगट २०–३० अंश वर उचललेलं, म्हणजे एक्स्टेन्शनमध्ये. हात लुळा पडून मनगट खाली लोंबत असेल तर हे योग्य. पण कार्पल टनेलसाठी, म्हणजे मनगटात नस दबण्याच्या त्रासासाठी, चिठ्ठीवर ‘न्यूट्रल’ असतं. मनगट कोणत्याही बाजूला वाकलं की नसेभोवतीचा दाब वाढतो, म्हणून पट्टी सरळ हवी. आम्ही ती पट्टी स्प्लिंटच्या खिशातून बाहेर काढतो, सरळ करतो आणि परत घालतो. दोन मिनिटांचं काम आहे, वेगळे पैसे नाहीत. ऑनलाइन मागवलेला स्प्लिंट असेल तरी घेऊन या.

मध्यरेषेपासून लांब नेणं ‘अ‍ॅबडक्शन’, जवळ आणणं ‘अ‍ॅडक्शन’. कानाला दोन्ही शब्द इतके सारखे वाटतात की फोनवर आम्ही नेहमी दोनदा विचारून घेतो. खुब्याचा सांधा मागच्या बाजूने शस्त्रक्रिया करून बदलला असेल, तर दोन पायांमध्ये ठेवायची तिकोनी उशी देतात, ती अ‍ॅबडक्शनची. पायावर पाय टाकणं, खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवणं आणि पाय आत वळवणं, या तिन्हींनी सांधा निसटण्याची भीती असते. म्हणूनच कमोडवर बसवायची उंच सीट त्या उशीबरोबरच लागते. किती दिवस पाळायचं ते सर्जन सांगतील.

पावलाची भाषा थोडी वेगळी. पाऊल वर उचलणं ‘डॉर्सिफ्लेक्शन’, टाचा उचलताना होतं तसं खाली झुकवणं ‘प्लांटरफ्लेक्शन’. पक्षाघातानंतर पाऊल उचलत नसेल आणि बोटं फरशीला घासत असतील, तर एएफओ नावाचा, घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा स्प्लिंट लागतो. तो बुटाच्या आत घालतात, म्हणून बूट एक नंबर मोठा घ्यावा लागेल. तळवा आत वळणं ‘इन्व्हर्जन’, बाहेर वळणं ‘इव्हर्जन’. पाय मुरगळतो तो बहुतेकदा इन्व्हर्जनने, आणि दुखतं बाहेरच्या घोट्याखाली.

लहान बाळाच्या जन्मतः आत वळलेल्या पावलासाठी पोन्सेटी पद्धतीत प्लास्टरनंतर दांड्याला जोडलेले बूट देतात. दांडा बाळाच्या खांद्यांइतका रुंद. वळलेलं पाऊल ६० ते ७० अंश बाहेर वळवून बसवतात. एकच पाऊल वळलेलं असेल तर चांगलं पाऊल ३० ते ४० अंशांवर. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, नंतर चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपेत. बाळ रडतं म्हणून आजी बूट काढून ठेवते, हे आम्हाला माहीत आहे. पाऊल परत वळण्याचं सर्वांत मोठं कारण हेच. बूट टोचत असेल तर बाळाला घेऊन या, आम्ही बसवून देऊ, पण काढून ठेवू नका.

येताना

चिठ्ठी मूळची आणा, किंवा तिचा सरळ, पूर्ण फोटो. गुडघ्याचं माप घ्यायचं असेल तर सैल पायजमा किंवा साडी चालेल, जीन्स नको. पायाला सूज असेल तर संध्याकाळी या, कारण दिवसभरात सूज वाढते आणि सकाळी बेताचा बसलेला पट्टा संध्याकाळी रुततो. चिठ्ठीवरचा शब्द लागत नसेल तर अंदाजाने काही घेऊ नका. आम्ही तुमच्यासमोर दवाखान्यात फोन करून विचारतो. न वापरलेला पट्टा खोक्यासह सात दिवसांत बदलून मिळेल. अंगाला लागून वापरलेला मात्र, स्वच्छतेच्या कारणाने, परत घेता येत नाही.