हेरिटेज इमारतीची दुरुस्ती: मुंबई वारसा जतन समितीची परवानगी, पात्रता आणि कागदपत्रे

फोर्ट, गिरगाव, काळबादेवी, माटुंगा. जुन्या इमारतीत राहणाऱ्यांची दरवर्षीची विचारणा ठरलेली असते: पावसाळ्याआधी गॅलरीचे कठडे बदलायचे आहेत, बाहेरून रंग द्यायचा आहे, त्यालाही हेरिटेजची परवानगी लागते का? इमारत वारसा यादीत असेल तर लागते. नुसत्या रंगालाही लागते. अनेक सोसायट्या आणि घरमालक इथेच अडकतात, कारण इतर इमारतींना जी मोकळीक आहे ती इथे नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ नुसार इमारतीच्या फक्त आतल्या भागातील किंवा बाह्यरूपात फारसा फरक न पाडणारी दुरुस्ती परवानगीशिवाय करता येते. पण त्याच कलमात वारसा इमारत आणि वारसा परिसर यांचा अपवाद केला आहे. मुंबईचे वारसा नियम आणखी स्पष्ट आहेत. पाडकाम, वाढीव बांधकाम, फेरफार, दुरुस्ती, गिलावा, रंगकाम, खास घटक बदलणे, यांतले काहीही करण्याआधी महापालिका आयुक्तांची लेखी परवानगी हवी. खास घटक म्हणजे कोरीव कठडा, लाकडी कंस, रंगीत काचेची तावदाने, मंगलोरी कौले, महिरपी, नक्षीची लोखंडी जाळी. इमारतीचा चेहरा याच गोष्टींनी घडलेला असतो आणि घाईच्या दुरुस्तीत आधी याच जातात.

समिती नेमकी काय करते

मुंबईचे वारसा नियम एप्रिल १९९५ मध्ये लागू झाले, १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ६७ म्हणून. शहरातील वारसा वास्तूंची यादी करून त्यांना कायद्याचे संरक्षण देणारे मुंबई हे देशातील पहिले शहर. २०१८ पासून ‘विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४’ लागू झाली आणि हाच विषय आता तिच्या नियम ५२ मध्ये आहे. जुन्या कागदांवर नियम ६७ दिसला तर गोंधळू नका, पण नव्या अर्जात नियम ५२ चाच उल्लेख करा.

मुंबई वारसा जतन समितीवर वास्तुविशारद, स्ट्रक्चरल इंजिनीअर, शहराच्या इतिहासाचे जाणकार, पर्यावरणाचे जाणकार असे सदस्य असतात. समिती सल्ला देते, परवानगी देतात आयुक्त. अपवादात्मक प्रकरणी आयुक्त समितीची शिफारस बाजूला ठेवू शकतात, पण त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि हा अधिकार दुसऱ्या कोणा अधिकाऱ्याकडे सोपवता येत नाही. मला ही तरतूद फार मोलाची वाटते. शिफारस डावलायची तर कोणी डावलली आणि का, हे कागदावर राहते आणि नागरिकाला ते मागता येते.

अर्जांची छाननी हे समितीचे एकच काम नव्हे. यादीत भर घालण्याची शिफारस, विशिष्ट परिसरासाठी वेगळे नियम सुचवणे, दुकानांच्या पाट्या, जाहिरात फलक आणि रस्त्यावरचे दिवे-बाके कशी असावीत यावर मत देणे, हेही तिच्याकडे येते. दादाभाई नौरोजी रस्त्यावर पाट्यांना शिस्त लावण्याचे काम झाले, तेव्हा वर्षानुवर्षे फलकांमागे दडलेल्या कमानी आणि खांब पुन्हा दिसू लागले. एका पाटीने काय बिघडते, असे विचारणाऱ्याने तो रस्ता एकदा चालून पाहावा.

आधी यादी पाहा, मग श्रेणी

आर्किटेक्ट नेमण्याआधी इमारत यादीत आहे का, हे खात्रीने कळायला हवे. नावावर विसंबू नका. इमारतींची नावे बदलतात आणि एकाच नावाच्या दोन इमारती एकाच गल्लीत सापडतात. मालमत्ता पत्रकावरचा क्रमांक घ्या (शहर भागात सी. एस. क्रमांक, उपनगरात सी. टी. एस. क्रमांक) आणि त्यावर महापालिकेच्या विकास नियोजन विभागाकडून विकास आराखड्याचे अभिप्राय, म्हणजे डीपी रिमार्क, काढा. इमारत स्वतः वारसा वास्तू आहे, की वारसा परिसरात आहे, की वारसा वास्तूच्या शेजारी आहे, हे त्यातून कळते. तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि तिन्हींचे परिणामही वेगळे.

पुढचे सगळे श्रेणीवर ठरते. श्रेणी १ मध्ये राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू येतात: छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, उच्च न्यायालय, राजाबाई टॉवर. इथे आत किंवा बाहेर काहीही बदलता येत नाही. इमारत मजबूत करण्यासाठी किंवा तिचे आयुष्य वाढवण्यासाठी अगदी आवश्यक तेवढेच किरकोळ बदल होतात. श्रेणी २-अ मध्ये बाह्यरूप जपून आतले बदल आणि नवा वापर छाननीनंतर मान्य होऊ शकतो. २-ब मध्ये त्याशिवाय त्याच आवारात जोड-बांधकामही शक्य असते, मात्र ते, विशेषतः उंची आणि दर्शनी रूपात, मूळ वास्तूशी सुसंगत हवे. श्रेणी ३ ही शहराच्या रस्त्यांचे रूप घडवणाऱ्या इमारतींची. सामान्य मुंबईकराचा संबंध बहुधा हिच्याशीच येतो. इथे बाहेरचे आणि आतले बदल सर्वसाधारणपणे मान्य होतात आणि इमारत खरोखर कमकुवत झाली असेल तर पुनर्बांधणीचाही विचार होतो.

श्रेणी ३ मधील आणि परिसरांतील काही प्रस्ताव समितीकडे न जाता आयुक्तांच्या पातळीवर निघू शकतात. तुमचे काम कोणत्या वाटेने जाईल, हे कामाचे स्वरूप, उंची आणि पुनर्विकासाची योजना यांवर ठरते. म्हणून हा प्रश्न विभागाला लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. कोणी तोंडी सांगितले की ‘श्रेणी तीन आहे, काही लागत नाही’, तर त्यावर मचाण बांधू नका.

आणखी एक गल्लत टाळा. केंद्र संरक्षित स्मारकांना १९५८ चा वेगळा कायदा लागू आहे. अशा स्मारकापासून १०० मीटर क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर विनियमित असते. इमारत त्या टप्प्यात येत असेल तर ती परवानगी स्वतंत्रपणे घ्यावी लागते. समितीचा होकार तिच्या जागी चालत नाही.

अर्ज कोण करू शकतो

मालक, मालकांची सहकारी सोसायटी, विश्वस्त संस्था किंवा यांनी अधिकार दिलेली व्यक्ती. प्रस्ताव परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनीअरमार्फत सादर होतो. शक्य असेल तर जुन्या वास्तूंच्या संवर्धनाचा अनुभव असलेला आर्किटेक्टच निवडा. त्याची फी थोडी जास्त वाटेल, पण फेटाळलेल्या प्रस्तावाचा खर्च त्याहून मोठा असतो.

पागडीच्या भाडेकरूंची अडचण खरी आहे आणि ती मोठी आहे. मालक दुरुस्ती करत नाही आणि भाडेकरूच्या नावावर काही नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे जागा राहण्याजोगी ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूंना स्वतः ती करून खर्च मर्यादेत भाड्यातून वळता करता येतो. पण त्याने वारसा परवानगीची गरज संपत नाही. इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत असेल तर म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे अर्ज करा आणि त्यात ती वारसा यादीत असल्याचे ठळकपणे लिहा. मंडळाच्या ठेकेदारालाही जुने लाकडी खांब मनास येईल तसे काढता येत नाहीत.

कागदपत्रे

मालकीसाठी मालमत्ता पत्रक, खरेदीखत किंवा भाडेपट्टा. सोसायटी असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव, विश्वस्त संस्था असेल तर विश्वस्तांचा ठराव. डीपी रिमार्क आणि वारसा यादीतील नोंदीची प्रत. पूर्वीचे मंजूर नकाशे मिळत असतील तर तेही जोडा. जुना नकाशा हाती असला की कोणती खोली मूळची आणि कोणती नंतर जोडलेली, यावर वाद उरत नाही. परवानाधारक इंजिनीअरचा स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल. उपकरप्राप्त इमारतीसाठी तसा दाखला आणि रहिवाशांची यादी. आर्किटेक्टचे नेमणूकपत्र आणि परवाना. कामाच्या प्रकारानुसार अग्निशमन दल किंवा अन्य खात्यांचे ना-हरकत दाखले वाढतात.

हे सगळे जमवणे कंटाळवाणे असले तरी सोपे आहे. प्रस्ताव तरतो किंवा पडतो तो पुढच्या तीन गोष्टींवर.

पहिली, मोजणी करून काढलेले नकाशे. आहे ती स्थिती आणि प्रस्तावित स्थिती वेगवेगळी दाखवा: तळनकाशे, छेद आणि प्रत्येक बाजूचे दर्शनी रूप. पाडायचा भाग पिवळ्या आणि नवा भाग लाल रंगात दाखवण्याची रूढ पद्धत पाळा. खिडकी बदलायची असेल तर त्या खिडकीचा मोठ्या प्रमाणातील तपशील हवा: चौकट किती जाड, झडपा किती, कंस कसा.

दुसरी, छायाचित्रे. चारही बाजू, रस्त्याच्या दोन्ही टोकांकडून दिसणारी इमारत, शेजारच्या इमारती, जिना, छत, गॅलरी आणि बिघाडाचे जवळून घेतलेले फोटो. प्रत्येक फोटोला क्रमांक द्या आणि तो कुठून घेतला हे नकाशावर दाखवा. सदस्यांनी पाहणीसाठी येण्याआधी त्यांच्यासमोर इमारत उभी राहते ती या फोटोंतूनच.

तिसरी, कामाची पद्धत आणि साहित्य सांगणारे टिपण. बहुतेक प्रस्तावांत सर्वांत कमकुवत असते ते हेच. ‘आवश्यक त्या ठिकाणी दुरुस्ती’ असे लिहून भागत नाही. कोणता दगड, कोणता चुना, कोणते लाकूड, कौले कुठून आणणार, रंगाची छटा कोणती, हे लिहा. जुन्या दगडी किंवा चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा प्रस्तावित केला असेल तर तो आधीच काढून टाका. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते, सिमेंट ती ओल आत कोंडते, आणि काही पावसाळ्यांत दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. दगडावर तैलरंग लावल्यानेही तेच होते. इमारतीचे साल, मूळ वापर, शैली आणि जपण्याजोगे घटक यांवर एक पान लिहून जोडले तर काम फार सोपे होते.

अर्ज दिल्यानंतर

प्रस्तावाची आधी विभागात छाननी होते, त्रुटी असल्यास कळवल्या जातात आणि नंतर तो समितीच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर येतो. गरज वाटल्यास सदस्य जागेची पाहणी करतात किंवा आर्किटेक्टला सादरीकरणासाठी बोलावतात. समिती प्रस्ताव जसाच्या तसा मान्य करण्याची, अटी घालण्याची, सुधारून मागवण्याची किंवा नामंजूर करण्याची शिफारस करते. अटी काळजीपूर्वक वाचा. ‘मूळ कठडा जपून पुन्हा बसवावा’ अशी अट असेल आणि ठेकेदाराने तो भंगारात दिला, तर मंजुरी हातात असूनही काम बेकायदा ठरते.

समितीने तुमच्यासारख्या इमारतींबाबत आधी काय ठरवले आहे, हे मागील बैठकांच्या इतिवृत्तांतून कळते. ती मिळवून वाचा. संकेतस्थळावर सापडली नाहीत तर माहिती अधिकारात मागा.

धार्मिक वास्तूंसाठी वेगळी तरतूद आहे. धर्मग्रंथांनुसार किंवा परंपरेने आवश्यक असलेले बदल मान्य धरले जातात, पण ते मूळ रचनेशी आणि शैलीशी सुसंगत हवेत, आणि निर्णयापूर्वी समितीची शिफारस विचारात घ्यावीच लागते. मंदिराच्या जुन्या लाकडी सभामंडपाला ग्रॅनाइट आणि चकचकीत फरशा चढवण्याआधी विश्वस्तांनी हे वाचावे.

इमारत ‘धोकादायक’ ठरली तर

सी-१ वर्गाची, म्हणजे अतिधोकादायक ठरवणारी नोटीस आली की हेरिटेजचा प्रश्न मिटला, असा समज पसरवला जातो. नोटीस आल्याने इमारत यादीतून निघत नाही. रहिवाशांचा जीव सर्वांत आधी. इमारत रिकामी करा, टेकू लावा, त्यात दिरंगाई नको. पण रिकामी करणे आणि पाडणे हे दोन वेगळे निर्णय आहेत. काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल, १८६० च्या दशकात इंग्लंडहून आणलेल्या लोखंडी सांगाड्यावर उभे राहिले. २०१९ मध्ये ते रिकामे करण्यात आले. एका तांत्रिक अहवालाने पाडण्याचा सल्ला दिला, तर संवर्धनातील जाणकारांनी ते वाचवता येते असे मांडले. दोन अहवालांत असा फरक पडू शकतो, म्हणून जुन्या बांधकामाची जाण असलेल्या इंजिनीअरचे मत नोंदवलेच पाहिजे.

पैसा

नियमांनी देखभालीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. दुरुस्ती निधी उभारण्याची तरतूद आहे, पण त्यावर भिस्त ठेवून खर्चाचा ताळेबंद मांडू नका. वारसा नियमांमुळे बांधकामाचा हक्क वापरता येत नसेल तर त्याबदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा हस्तांतरणीय विकास हक्क मागता येतो, आणि इमारत नीट राखण्याची हमी दिल्यास वापरबदलाची सवलतही मिळू शकते. दोन्हींसाठी प्रस्तावातच स्वतंत्र मागणी करा. वारशाचा अभिमान साऱ्या शहराचा आणि खर्च मात्र चार बिऱ्हाडांचा, हे न्याय्य नाही. २०१२ मध्ये पुरवणी यादीचा मसुदा आला तेव्हा दादर-माटुंग्यातून जो विरोध झाला, त्यामागे ही भीती होतीच.

नकार मिळाला तर, आणि मंजुरी मिळाली तरी

अर्ज नाकारला किंवा मान्य न होणाऱ्या अटी घातल्या, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ४७ नुसार आदेश मिळाल्यापासून ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. आदेश कोणत्या तारखेला हाती आला याची पोच जपून ठेवा, मुदत तिथून मोजली जाते. परवानगीशिवाय काम केल्यास कलम ५२ खाली किमान एक महिना ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

मिळालेली परवानगी एक वर्ष चालते. काम सुरू झाले नाही तर दरवर्षी मुदतवाढ मागावी लागते, आणि अशी वाढ एकूण तीन वर्षांपलीकडे मिळत नाही. पावसाळ्याआधी काम संपवायचे असेल तर प्रस्ताव आधीच्या पावसाळ्यातच तयार करायला घ्या. गळती नेमकी कुठे आहे हे तेव्हाच दिसते आणि फोटोही तेव्हाच घेता येतात.