उष्माघात कक्ष (खानदेश)

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील सरकारी दवाखान्यांत उन्हाळ्यात राखून ठेवलेला, ऊन लागलेल्या रुग्णाचे शरीर तातडीने थंड करण्याचा कक्ष. मैदानी भागात कमाल तापमान ४५ अंश सेल्सिअसला पोहोचले की हवामान विभाग उष्णतेची लाट मानतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात हा आकडा नवा नाही. म्हणून कक्ष मार्चमध्येच सज्ज हवा.

शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर आणि सोबत बरळणे, झटके किंवा बेशुद्धी, ही उष्माघाताची खूण. काखेतला थर्मामीटर कमी आकडा दाखवतो, म्हणून तापमान गुदद्वारातून घ्यावे. घाम आहे म्हणजे उष्माघात नाही, हा समज जीवघेणा आहे. केळीचे घड वाहणाऱ्या किंवा वीटभट्टीवरच्या मजुराचे अंग उष्माघातातही ओलेचिंब असू शकते.

आधी थंड करायचे, मग मोठ्या रुग्णालयात पाठवायचे. रुग्णवाहिकेची वाट बघण्यात गेलेला अर्धा तास मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडाला महागात पडतो. कपडे काढून अंगावर सतत पाणी शिंपडावे, पंखा पूर्ण वेगात सोडावा. मान, काखा व जांघांत कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवावा. ओली चादर नुसती पांघरून ठेवली तर ती लगेच तापते आणि उष्णता कोंडते. ती वरचेवर बदलावी. तापमान साधारण ३९ अंशांवर आले की थांबावे, नाहीतर हुडहुडी भरते. पॅरासिटामॉल देऊ नये : हा संसर्गाचा ताप नव्हे, औषधाने उतरत नाही, उलट यकृतावर भार पडतो. बेशुद्ध माणसाला पाणी किंवा पन्हे पाजल्यास ते श्वासनलिकेत जाते. त्याला शिरेतून सलाइन लावतात. शुद्धीवर असलेल्याला ओआरएस, किंवा एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ.

कक्ष निकामी होतो तो बहुधा साध्या कारणांनी. भर दुपारी वीज जाते आणि पंखा इन्व्हर्टरवर जोडलेला नसतो. बर्फ सकाळी आणलेला, तीनपर्यंत वितळलेला. जूनमध्ये हवा दमट झाली की कूलरचा उपयोग उरत नाही, तेव्हा भिस्त बर्फावरच.

दाखल होतानाचे तापमान आणि वेळ केसपेपरवर लिहिलीच पाहिजे. ती नसेल तर मृत्यू उष्माघाताचा होता हे ठरवणे अवघड जाते आणि मजुराच्या घरच्यांचा मदतीचा दावा लंगडा पडतो.