मांजर आणि उंच जागा

पाळीव मांजर झोपण्यासाठी, टेहळणीसाठी आणि लपण्यासाठी घरातली उंच जागा शोधते. कपाटाचा माथा, फ्रिज, पोटमाळा, खिडकीची चौकट, कौलारू घराचे आढे, जे सापडेल तिथे ते जाऊन बसते. ही ओढ उपजत असते. शिक्षेने ती जात नाही, मात्र तिला योग्य वाट करून देता येते.

मांजर वाघाची मावशी. तिने भाच्याला शिकारीच्या सगळ्या विद्या शिकवल्या, झाडावर चढण्याची तेवढी शिकवली नाही. पुढे भाचा तिच्यावरच उलटला, तेव्हा त्या एका विद्येने तिचा जीव वाचला. मराठी घरांत ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तिच्यात वाघावर थोडा अन्याय झाला आहे, कारण तरुण वाघ झाडावर चढतो आणि देह जड झाल्यावर चढणे टाळतो. मांजराबद्दलचे निरीक्षण मात्र नेमके आहे. पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकी रानमांजर (फेलिस लिबिका). उंदीर आणि पाखरे मारणारा हा प्राणी आकाराने इतका लहान, की मोठी मार्जारकुळी जनावरे आणि गरुड यांच्या तोंडी तो स्वतःच सापडतो. उंचावर गेले की त्याला भक्ष्य दिसते, शत्रूही दिसतो आणि पाठीमागून कोणी येत नाही. माणसाच्या सोबतीला आल्याला सुमारे 10,000 वर्षे झाली, पण मांजराच्या बांध्यात आणि वृत्तीत फारसा बदल झालेला नाही. सह्याद्रीच्या जंगलांत आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाच्या फडांतही आढळणारी वाघाटी ही जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. वजन जेमतेम दीड किलो, आणि झाडावर चढण्यात तीही तरबेज.

शरीराची घडण चढाईला साजेशी असते. मागचे पाय स्प्रिंगसारखे ताणले जातात आणि निरोगी मांजर उभ्या जागेवरून दीड मीटरपर्यंत सहज उडी घेते. खांद्याची पाती सैल असतात. गळपट्टीचे हाड लहान असून सांगाड्याला घट्ट जोडलेले नसते, म्हणून अरुंद फटीतून अंग काढता येते. शेपटी तोल सावरते. पुढच्या पंज्यांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार अशी एकूण 18 नखे असतात. ती आकड्यासारखी मागे वळलेली असल्याने वर जाताना सालीत घट्ट रुततात.

उतरताना हेच आकडे उलटे पडतात. तोंड खाली करून उतरू लागले तर नख धरत नाही. शेपटीकडून, पाठमोरे उतरणे हाच मार्ग उरतो, आणि तो प्रत्येक मांजराला लवकर जमत नाही. मध्य व दक्षिण अमेरिकेतल्या ‘मार्गे’ नावाच्या रानमांजराचे मागचे घोटे जवळजवळ पूर्ण उलटे वळतात, त्यामुळे ते खारीसारखे डोके खाली करून उतरते. पाळीव मांजराला हे वरदान नाही. म्हणूनच आंब्यावर भराभर चढलेले पिल्लू फांदीवर बसून तासन्‌तास ओरडते. खाली जमलेली माणसे, भुंकणारे कुत्रे आणि हलवलेली फांदी यांनी ते आणखी वर जाते. आधी गर्दी आणि कुत्रे दूर करावेत. बुंध्याशी वासाचे खाणे ठेवावे, तिरपी फळी किंवा शिडी टेकवावी आणि संध्याकाळची शांतता होऊ द्यावी. बहुतेक मांजरे मग आपली आपण उतरतात. फार वेळ गेला, मांजर जखमी असले किंवा जवळून विजेच्या तारा जात असल्या तर स्वतः चढू नये, अग्निशमन दलाला 101 वर कळवावे.

जुन्या मराठी घराने मांजराची ही चढाई गृहीत धरलेली होती. दूध, दही, लोणी शिंक्यात टांगून ठेवत ते मुख्यतः त्याच्यापासून वाचवण्यासाठी. ‘शिंक्याचे तुटले आणि बोक्याचे फावले’ ही म्हण त्याच घरातली. शिंके भिंतीपासून दूर, आढ्याला लांब दोरीने लोंबते ठेवलेले असे. जवळ टेकू नाही आणि झेप घेतली तरी ते झुलते, त्यामुळे बोका खालून नुसता बघत बसे. मांजरी पिल्लांना सात घरे फिरवते म्हणतात. त्यांतले एखादे घर माळ्यावरचे, गवताच्या पेंढ्यांत किंवा जुन्या गोणपाटांत असतेच. अशा घरात वासे, तुळया आणि माळा हा सगळा मांजराचा मुलूख होता. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तो मुलूख नाहीसा झाला आणि उरली जमीन, जिथे माणसांचे पाय, झाडू आणि पाहुण्यांची मुले आहेत. ‘आमचे मांजर फार आगाऊ झाले आहे’ अशा कित्येक तक्रारींचे मूळ याच बदलात आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

उबेचाही भाग आहे. अंगातली उष्णता राखायला जादा शक्ती खर्च होऊ नये, अशी मांजराला सुखाची वाटणारी हवा साधारण 30 ते 38 अंश सेल्सिअसची असते, म्हणजे माणसापेक्षा बरीच गरम. हिवाळ्यात ते फ्रिजच्या माथ्यावर किंवा सेटटॉप बॉक्सवर पसरते ते त्यामुळे. वैशाखात तेच मांजर न्हाणीघराच्या फरशीवर आडवे पडलेले दिसते. एका घरात दोन-तीन मांजरे असली, तर उंचीमुळे भांडणे टळतात. ती एकच फळी वेगवेगळ्या वेळी आळीपाळीने वापरतात. सर्वांत वर बसलेले मांजर सर्वांवर हुकूम चालवते, ही समजूत मात्र पक्की नाही. पुष्कळदा भित्रे मांजरच सर्वांत वर गेलेले असते.

सगळ्यांत जास्त खटका उडतो तो स्वयंपाकाच्या ओट्यावरून. ओरडणे, पाण्याचा फवारा मारणे, झाडू उगारणे यांनी मांजर एवढेच शिकते, की ही बाई किंवा हा बाबा समोर असताना वर जाऊ नये. रात्री ओटा त्याचाच. शिवाय त्या माणसाची त्याला धास्ती बसते. आधी ते वर का येते हे पाहावे. उघडे पातेले, मासळीचा वास, नळाचे टपकणारे पाणी, खिडकीतली कबुतरे, की नुसती स्वयंपाक करणाऱ्याची सोबत? कारण काढून घ्यावे आणि त्याच खोलीत, ओट्याइतकी किंवा त्याहून उंच अशी दुसरी जागा द्यावी. हा दुसरा भाग वगळला की पहिला वाया जातो. मांजर त्या जागी बसले की लगेच खाऊचा एक तुकडा द्यावा. ओट्यावर आले तर न बोलता उचलून तिकडे ठेवावे. ओट्याच्या कडेला काही आठवडे दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावल्यास मदत होते, कारण पंज्याला चिकट लागलेले मांजराला आवडत नाही. शेगडी विझवल्यावरही बर्नर बराच वेळ तापलेला असतो, तेव्हा त्यावर झाकण किंवा मोठे पातेले ठेवावे.

जागा देण्यासाठी महाग ‘कॅट ट्री’ (मांजरासाठी विकत मिळणारा फळ्यांचा मनोरा) लागतेच असे नाही. कपाटावर जुनी गोधडी आणि तिथपर्यंत स्टूल, टेबल अशा पायऱ्या पुरतात. भिंतीवर फळ्या लावायच्या तर रुंदी किमान 25 ते 30 सेंमी असावी, त्या ड्रिल करून स्क्रूने पक्क्या बसवाव्यात आणि वर खरखरीत कापड लावावे. एकदा डगमगलेल्या फळीवर मांजर पुन्हा पाय ठेवत नाही. वरून उतरायला दोन वाटा ठेवाव्यात, नाहीतर एक मांजर दुसऱ्याला कोपऱ्यात कोंडते. खांबाला काथ्याची किंवा घायपाताची दोरी घट्ट गुंडाळली, की चढणे आणि नखे घासणे दोन्ही साधते. छताचा पंखा मात्र विसरू नये. कपाटाचा माथा पात्यांच्या जवळ असेल तर ती जागा बंदच करावी. नखे समूळ काढून टाकणे हा उपाय नव्हे. त्यात प्रत्येक बोटाचे शेवटचे हाडच छाटले जाते. न्यू यॉर्क राज्याने 2019 मध्ये ही शस्त्रक्रिया बेकायदा ठरवली.

मांजर कितीही उंचावरून पडले तरी चार पायांवर उतरते, हा समज मुंबई-पुण्याच्या इमारतींत जिवावर बेततो. पडताना अंग वळवण्याची प्रतिक्षिप्त क्रिया खरी आहे. पिल्लांत ती तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसू लागते आणि सातव्यापर्यंत पक्की होते. एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1894 मध्ये तिची छायाचित्रमालिका प्रसिद्ध केली : आधी पुढचे अर्धे अंग वळते, मग मागचे. पण पायांवर पडणे म्हणजे सुखरूप पडणे नव्हे. न्यू यॉर्कमध्ये इमारतींवरून पडलेल्या 132 मांजरांची पाहणी 1987 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतली सुमारे 90 टक्के जगली, हा आकडा सर्वत्र सांगितला जातो. ती दवाखान्यात आणलेली मांजरे होती. जागच्या जागी गेलेली कोणी आणली नाहीत. जगलेल्यांतही छातीच्या दुखापती, फाटलेली टाळू आणि मोडलेले पाय होते. मांजर बहुधा मुद्दाम उडी मारत नाही. कबुतरावर झेप घेताना किंवा कठड्यावर डुलकी लागून ते घसरते, आणि सिमेंट, काच वा लोखंडी ग्रिलवर नख रुतत नाही. ग्रिलच्या गजांमधून मांजर आरामात बाहेर पडते. डासांची जाळी त्याच्या वजनाने निखळते. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी काही मांजरे कुरतडतात, म्हणून शक्य तिथे तारेची जाळी बसवावी आणि कडा महिन्यातून एकदा हाताने ओढून पाहाव्यात. पडलेले मांजर वरवर धडधाकट दिसले तरी त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे.

म्हातारे मांजर चढेनासे झाले की ‘आता शहाणे झाले’ असे लोक म्हणतात. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 12 वर्षांवरील 100 मांजरांची क्ष-किरण चित्रे पाहिली गेली. त्यांतल्या 90 मांजरांच्या सांध्यांत झिजेच्या खुणा होत्या. उडी मारण्यापूर्वी घुटमळणे, दोन टप्प्यांत चढणे, उतरताना पंजे आधी भिंतीवर सरकवणे ही दुखण्याची लक्षणे असतात. अशा मांजराची आवडती जागा काढून घेऊ नये. मध्ये बुटक्या, न घसरणाऱ्या पायऱ्या ठेवाव्यात आणि वेदनेचे औषध पशुवैद्याकडूनच घ्यावे. घरातली पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नये. एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.