तिथीवर भरणारा, पाण्यावरचा बाजार

नागपुरात बाजाराला वाराचं नाव असतं. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी. त्या वाराची वाट आता फारसं कोणी पाहत नाही. बहुतेक ठिकाणी वार गेला, नाव उरलं. बँकॉकच्या सहलीत अर्धा दिवस 'फ्लोटिंग मार्केट'साठी राखलेला असतो. तिथे जाण्याआधी आपली ही इतवारी-बुधवारी आठवलेली बरी, कारण तो बाजारही मुळात नेमल्या दिवसाचाच.

थाई भाषेत पाण्यावरच्या बाजाराला 'तलात नाम' म्हणतात. तलात म्हणजे बाजार, नाम म्हणजे पाणी. आणि ठराविक दिवशी भरतो तो 'तलात नात'. फरक इतकाच की आपण वार धरला, त्यांनी तिथी धरली. समुत सोंगख्राम प्रांतातला था खा बाजार शुद्ध आणि वद्य पक्षातल्या द्वितीया, सप्तमी, द्वादशीला भरत आला आहे. म्हणजे साधारण दर पाच दिवसांनी. यात धर्माचा भाग कमी, पाण्याचा जास्त. समुद्र जवळ असल्याने कालव्यातलं पाणी भरती-ओहोटीबरोबर चढतं-उतरतं, आणि भरतीची वेळ चंद्रावर. कोकणातल्या खलाशाला हे सांगावं लागणार नाही. आपल्याला लागतं, कारण नाग नदीला भरती येत नाही.

सर्वांत प्रसिद्ध बाजार दाम्नोएन सादुआकचा. बँकॉकपासून सुमारे 100 किलोमीटर, रात्चबुरी प्रांतात. हे नाव बाजाराचं नव्हे, कालव्याचं; अर्थ साधारण 'सुखाचा प्रवास'. राजा मोंगकुट, म्हणजे चौथा राम, याच्या हुकमाने 1866 ते 1868 या काळात था चीन आणि मे क्लोंग या दोन नद्या जोडायला हा सुमारे 32 किलोमीटरचा कालवा खणला गेला. याच काळात, 1867 मध्ये, आपल्या नागपूरला पहिली आगगाडी आली. मालाला वाट हवी होती. आपल्याला रूळ मिळाले, त्यांना पाणी.

मुख्य कालव्याला मग शेकडो छोटे फाटे फुटले. दोन चरांच्या मधे मातीचे उंच वाफे, त्यावर नारळ, पोमेलो (पपनस), जांब (रोझ ॲपल), पेरू. बगीच्यातून माल थेट होडीत. काटोलच्या बागेतून कळमन्याच्या घाऊक बाजारात संत्रा येतो तसंच, फक्त ट्रकऐवजी वल्हं. होड्या बहुधा बायकाच चालवायच्या, आजही चालवतात. डोक्यावर ताडपानांची, दिव्याच्या शेडसारखी टोपी. आत बांबूची गोल चौकट असते. ती डोक्यावर बसते आणि टोपी वर उचललेली राहते, म्हणजे केसांतून वारा खेळतो. होडीत शिजवलेल्या नूडल्सची वाटी मात्र अगदी लहान, कारण डुलत्या होडीतून भरलेली मोठी वाटी कोणाच्या हातात देणं अवघड. त्या रश्श्याला घट्टपणा बऱ्याचदा रक्ताचा असतो. सावजीची तर्री पचवणाऱ्यानेही एकदा विचारून घ्यावं.

हे मोडलं ते रस्त्यांनी. बँकॉकचा चारोएन क्रुंग रस्ता 1862 ते 1864 मध्ये झाला, आणि तोही परदेशी वकिलातींनी घोडागाडी फिरवायला जागा मागितली म्हणून. पुढे शहरातले कालवे एकेक करून बुजत गेले. पर्यटक आधी बँकॉकच्याच, नदीपलीकडच्या थोनबुरी भागातल्या वात साईच्या बाजाराला जायचे. तो ओसरल्यावर 1970 च्या दशकात सरकारने दाम्नोएन सादुआक पुढे केला. तिथेही रस्ता पोचलाच. भाजी टेम्पोत गेली आणि होडीत उरली टोपी, पंखे, लाकडी हत्ती. मागे गाडीचं इंजिन आणि लांब दांडीच्या टोकाला पाणी कापणारा पंखा असलेल्या होड्यांत आपण बसतो, आणि विक्रेते आकडा लावलेल्या काठीने आपली होडी ओढून घेतात. हा तमाशा मला फार आवडत नाही, पण याला खोटं म्हणणंही जड जातं. गिऱ्हाईक बदललं की माल बदलतो, हे इतवारीतल्या कोणत्याही दुकानदाराला माहीत आहे.

था खाच्याच प्रांतातल्या अम्फावाचा जुना बाजार बंद पडला होता. तो 2004 मध्ये पुन्हा सुरू झाला तेव्हा तिथी सुटली. आता तो शुक्रवार ते रविवार, दुपारनंतर संध्याकाळपर्यंत भरतो आणि मुख्यतः बँकॉकचेच लोक येतात. था खासुद्धा शनिवार-रविवारी उघडा असतो. पण तिथीच्या सकाळी गेलं तर नारळाच्या नीरेचा गूळ घेऊन आलेल्या वल्ह्याच्या होड्या भेटण्याचा संभव जास्त. दिवस काढताना घरच्या पंचांगावर पूर्ण विसंबू नये. थाई तिथी आपल्यापेक्षा एखाद्या दिवसाने मागेपुढे असू शकते.